जुनी, पण मोठी शिडाची होडी घेताना

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घ्यायचा असला की माझे आजोबा त्याच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. "पहिले पाय देख, मंग तोंड," म्हणायचे. खूर उचलून बघायचे, घोडा फुफाट्यातून चालवून घ्यायचे, मग दात. रंगरूप सगळ्यांत शेवटी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण गेल्या वर्षी एका ३३ फुटी होडीच्या बुडाखाली उताणं पडून प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करताना मला त्यांचीच आठवण येत होती.

आम्ही दोघं जळगावचे. ह्यांची नौदलात पंधरा वर्षं गेली, आता शेतीपंपांच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. मी शाळेत गणित शिकवते. आठ वर्षांपूर्वी आम्ही २२ फुटी जुनी शिडाची होडी घेतली आणि आता ती विकून मोठी घेतली. खान्देशातून समुद्राकडे ओढ असलेली आणखीही जोडपी आहेत आणि त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून आम्ही ज्या क्रमाने गेलो, त्याच क्रमाने लिहिते. काही गोष्टी चुकून शिकलो, त्याही सांगते.

आधी लांबी ठरवा, तीही दोघांनी मिळून

२२ वरून ३३ म्हणजे लांबी दीडपट. पण दीडचा घन केला की जवळजवळ ३.४ येतो, आणि होडीचं वजन त्या हिशेबाने वाढतं. आमची जुनी होडी सव्वा टनाची होती, नवी पाच टनांच्या आसपास आहे. वजन वाढलं की नांगर, साखळी, दोर, इंजिन, बॅटऱ्या सगळंच वाढतं. वेग मात्र फारसा वाढत नाही. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. अशा वजनदार होडीचा सोयीचा कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. १८ फुटांना ५.७ नॉट, २७ फुटांना ७ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे एवढा पैसा ओतून ताशी अडीच किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत. वाढतं ते काय, तर आत उभं राहता येतं, दार लावता येईल असा संडास मिळतो, नीट झोपता येतं आणि लाटेत होडी कमी उसळते. एवढ्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. आम्ही त्यासाठीच घेतली.

वरची मर्यादा ठरवायला आम्ही एकच कसोटी लावली. हे पाण्यात पडले तर मला एकटीला शीड उतरवून, होडी वळवून, ह्यांच्यापर्यंत जाऊन त्यांना वर घेता आलं पाहिजे. मी पडले तर ह्यांनाही तसंच. ३८ फुटी एक होडी आम्हाला फार आवडली होती. तिचं मोठं शीड वाऱ्यात आखडून लहान करायला मला दोनदा जमलं, तिसऱ्यांदा हात भरून आले. तिथेच आम्ही तो विषय सोडला. हे म्हणाले, "अगं, मी आहे ना." मी म्हटलं, "अहो, तुम्ही नसाल तेव्हाचाच तर प्रश्न आहे." बघायला जाल तेव्हा दोघांनीही प्रत्येक काम एकदा एकट्याने करून बघा. एकाने चालवायची आणि दुसऱ्याने डबा उघडायचा, या बेतावर मोठी होडी घेऊ नका.

होडी गावाला येणार नाही, हे मान्य करा

आमच्या सगळ्या निर्णयांवर सर्वांत जास्त परिणाम याच गोष्टीचा झाला. २२ फुटीची रुंदी २.४ मीटर होती. मे महिन्यात ती ट्रेलरवर चढायची, कसारा घाट चढून धुळ्यावरून जळगावला यायची आणि पावसाळाभर शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी उभी राहायची. शाळा सुटली की मी तिथे जाऊन घासकाम करायचे. ३३ फुटी होडी तीन मीटरहून रुंद असते. आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाला रुंदीची मर्यादा साधारण २.६ मीटर आहे. त्यापुढे वेगळी परवानगी, वेगळा ट्रेलर आणि वेगळाच खर्च. शिवाय बुडाखाली टांगलेली जड कील आणि काढून ठेवलेली डोलकाठी. दरवर्षी हे करणं शक्य नाही.

म्हणजे होडी किनाऱ्यावरच राहणार आणि तुम्ही तिच्याकडे जाणार. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचतो. धुळे, शिरपूरकडच्यांना आग्रा महामार्ग सोयीचा. कोचीला बोलगट्टीला चांगली मरिना आहे, धक्क्यावरून थेट होडीत पाय ठेवता येतो. पण खान्देशातून तिथे वर्षाला किती वेळा जाणार? गोव्याचंही तसंच. स्वस्त होडी लांब मिळाली तर वर्षाच्या फेऱ्यांचा आणि रजांचा हिशेब करूनच किंमत स्वस्त म्हणा. आम्ही वर्षाला अकरा फेऱ्या धरल्या आणि मुंबईच पक्की केली.

मुंबईत बऱ्याच शिडाच्या होड्या बंदराच्या पाण्यात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या असतात, तिथवर छोट्या नावेतून जावं लागतं. उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, आणि खाड्यांमध्ये ओहोटीला नुसता गाळ उरतो. त्यामुळे होडी पाण्याखाली किती खोल जाते हा आकडा लांबीइतकाच महत्त्वाचा. या मापाच्या बऱ्याच होड्या दीड ते पावणेदोन मीटर खोल असतात. जागेवर सर्वांत उतरत्या ओहोटीला किती पाणी राहतं ते तिथल्या नाखव्याला विचारा, आणि तेही होडी पसंत करण्याआधी. बोया किंवा जागा मिळेल की नाही हे न बघता होडी घेणं म्हणजे गोठा नसताना म्हैस दारात आणणं.

पैशाचे दोन डबे

करमणुकीच्या नव्या यॉटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, तेव्हा आपल्यासारख्यांना जुनीच परवडते. पण हातात असलेला सगळा पैसा किमतीत घालू नका. आमच्याकडे जेवढे होते त्यातले तीन भाग किमतीला आणि एक भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला, असे दोन वेगळे डबे केले. दुसऱ्या डब्याला सौद्याच्या जोशात हात लावायचा नाही, हे ठरलेलं. शिवाय जागा, क्रेन, तळाचा रंग, विमा, दोर, बॅटऱ्या मिळून दरवर्षी किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरायचे, असा होडीवाल्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. जुन्या होडीला तो कमीच पडतो. शीड आणि डोलकाठीच्या तारा एकदम बदलायची वेळ आली तर तुमचा दुसरा डबा त्यातच संपेल, म्हणून त्यांचं वय आधी विचारा.

पाहणी: खालून वर

ही पायरी घाईने उरकू नका. पूर्ण दिवस द्या, जमलं तर दोन.

होडी पाण्याबाहेर काढून बघायची, हा माझा हट्ट आहे. २२ फुटी घेताना आम्ही ती पाण्यातच बघितली होती. मध्यस्थ म्हणाला, "उचलायचा खर्च कशाला, मागच्याच वर्षी तळाला रंग दिलाय." आम्ही ऐकलं. पावसाळ्यात घरी आणल्यावर डोलकाठीजवळ पाय ठेवला की डेक किंचित दबतो असं वाटलं. फायबरचा वरचा थर कापला. दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकडाचे ठोकळे असतात, ते भिजलेल्या भुसकटासारखे काळे पडून हातात आले. चार महिने गेले त्या कामात.

म्हणून आता हातोडी. लोखंडी नको, प्लास्टिकची किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ चालते. तळावर आणि डेकवर वीतभर अंतराने हलकं टकटक करत जायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, ओल शिरलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी मेलेला, बद्द. ओल्या मडक्याचा आणि भाजलेल्या मडक्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला फरक लगेच कळेल. खडूने खुणा करत चला. डेकवर जिथे जिथे काही बोल्टने बसवलंय, तिथे जास्त लक्ष द्या, पाणी तिथूनच उतरतं. तळाला मसुराएवढ्या ते रुपयाएवढ्या फोडी दिसल्या तर एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फायबरमध्ये पाणी मुरलंय. त्याने होडी बुडत नाही, पण दुरुस्ती लांबते आणि किंमत कमी करून मागायला ते पक्कं कारण आहे.

मग कील. होडीच्या बुडाला टांगलेलं ते दीड-दोन टनांचं ओतीव लोखंड किंवा शिसं. जोडावर पुढच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखी भेग दिसली किंवा गंजाचे ओघळ दिसले तर आत जाऊन कीलचे बोल्ट बघा. आतल्या बाजूला त्यांच्या भोवती फायबरला तडे असतील तर होडी कधीतरी खडकावर आपटलेली आहे. विक्रेत्याला सरळ विचारा. सुकाणूचं पातं दोन्ही हातांनी धरून हलवा. थोडी ढिलाई चालते, खडखडाट नको.

तळाला पाणी आत-बाहेर जाण्यासाठी भोकं असतात, प्रत्येकावर एक कॉक. आपल्याकडच्या ठिबकच्या वॉल्वसारखाच, पण हा तुटला तर होडी बुडते. प्रत्येक कॉक स्वतःच्या हाताने बंद-चालू करा. धातू जरा खरवडून बघा. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त सोडतं, तांबूस-गुलाबी पडतं आणि आतून ठिसूळ होतं. गुलाबी दिसला तर तो कॉक बदलायचा, चर्चा नाही. नळीवर दोन क्लिपा आहेत का आणि शेजारी, कॉक तुटला तर भोकात ठोकायला, लाकडी गुडदी बांधून ठेवली आहे का, हेही बघा. गुडदी बांधलेली असेल तर आधीचा मालक काळजी घेणारा होता असं मी समजते.

आता वर. डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टेनलेस तारा १९ बारीक सळ्या पिळून केलेल्या असतात. दहा-पंधरा वर्षांत त्या थकतात, आणि तुटायला लागतात त्या बहुधा टोकाशी, जिथे धातूची टोपी दाबून बसवलेली असते. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मी घरून कापूस नेला होता, आमच्या शेतातला, सरकी काढलेला मूठभर. चिमटीत कापूस धरून तार खालपासून हाताच्या उंचीपर्यंत हळूहळू पुसायची. तार चांगली असेल तर कापूस सरळ घसरतो. डाव्या बाजूच्या खालच्या तारेवर टोपीच्या वर दोन बोटांवर कापसाचे तीन पांढरे तंतू अडकून राहिले. जवळ जाऊन बघितलं तर केसाएवढी तुटकी सळी बाहेर आलेली. विक्रेता बघत होता. तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. सगळ्या तारा नव्या घालायचा खर्च किमतीतून वजा झाला. बोटाने मात्र कधी पुसू नका, ती तुटकी सळी चामडी फाडते. उंचावरच्या तारांसाठी माणूस डोलकाठीवर चढवावाच लागतो.

शीड उन्हात उलगडून बघा. नवं कापड कागदासारखं करकरतं, थकलेलं जुन्या धोतरासारखं मऊ पडतं. शिवणीवर नखाने खरवडा. दोरा तुटत असेल तर उन्हाने त्याला खाल्लंय. कापड बरं असेल तर नुसती शिवण परत मारून घेता येते.

इंजिन

इथे आपण खान्देशातले लोक कोणापेक्षा कमी नाही. ज्याने डिझेल पंप हाताने फिरवून चालू केलाय त्याला होडीचं इंजिन परकं वाटत नाही. ह्यांची पद्धत सांगते. पोचल्याबरोबर, नमस्कार-चमत्काराच्याही आधी, इंजिनावर तळवा ठेवायचा. कोमट लागलं तर विक्रेत्याने आपल्या येण्याआधी ते चालवून ठेवलंय. मग चहा घ्या, फिरून या, संध्याकाळी थंड झाल्यावर परत या. थंड इंजिन कसं उठतं तेच बघायचं असतं.

काळा धूर म्हणजे जोर जास्त पडतोय किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाही. ऑइलची पट्टी काढा. ऑइल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, उठा आणि घरी या. शेतातल्या इंजिनापेक्षा एक गोष्ट वेगळी: हे समुद्राच्या पाण्याने थंड होतं, त्यामुळे धुराच्या नळीतून पाण्याचे भपकारे बाहेर पडले पाहिजेत. पाणी कमी पडत असेल तर आधी पाणी खेचणारा रबरी इंपेलर आणि मग मिठाने बुजलेला एक्झॉस्टचा कोपर तपासा. काही होड्यांना सेलड्राइव्ह असतो, म्हणजे तळाच्या मोठ्या भोकातून खाली उतरलेला, पंखा फिरवणारा पाय. त्या भोकातून पाणी आत येऊ न देणारा रबरी पडदा कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा.

समुद्रात नेल्यावर पूर्ण जोराने पंधरा मिनिटं चालवा. बंदरातल्या संथ चालीत कुठलंही इंजिन शहाणं असतं. तापमानाच्या काट्यावर एकाने नजर ठेवायची. मग इंजिन बंद, सगळी शिडं वर, वारा पुढून, बाजूने आणि मागून घेऊन बघायचा. त्या वेळी आत कोणीतरी बसून राहा आणि पाणी कुठून टिपकतंय ते ऐका. आम्हाला खिडकीची एक गळती अशीच कळली.

गॅस, रेडिओ आणि सॅटेलाइट फोन

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून जातो, होडीत त्याला जायला वाटच नाही, तो तळाशी साचतो. सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात आणि त्या कप्प्याच्या बुडाशी समुद्राकडे उघडणारं भोक असलं पाहिजे. आत ओट्याखाली सिलिंडर ठेवलेला दिसला तर पहिला खर्च तो. भरताची वांगी मी घरूनच भाजून नेते.

परदेशातून आलेल्या होडीत कधीकधी सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेशयंत्र बसवलेलं असतं. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. पहिल्यांदा ते काढून घ्यायला सांगा, तुमच्या नावावर होडी होण्याआधी. समुद्रावर बोलायचा व्हीएचएफ रेडिओ मात्र हवाच, त्याचा परवाना होडीबरोबर आहे का ते बघा. रेडिओवर मदत मागायचा चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आम्ही आत दारावर रंगाने लिहिलाय.

कागद

होडीच्या मागच्या बाजूला उजवीकडे फायबरमध्ये कोरलेला क्रमांक असतो. १९९८ नंतर युरोपात विक्रीला आलेल्या होडीवर तो १४ अक्षर-अंकांचा असतो, सुरुवातीची दोन अक्षरं देशाची आणि शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. हा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक, दोन्ही स्वतः वाचून कागदांशी ताडून बघा. सातबारा जसा आपण मागच्या फेरफारांसकट बघतो तसा पहिल्या मालकापासूनचा प्रत्येक विक्रीचा कागद बघा. मधला एक जरी गहाळ असेल तर तो आणून द्यायची जबाबदारी विक्रेत्याची.

होडी परदेशी असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) आणि ड्यूटी भरल्याचा पुरावा पाहिजेच. "पुढे बघू" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ड्यूटी न भरलेली होडी जप्त होऊ शकते आणि तोपर्यंत तो माणूस लांब गेलेला असतो. नोंदणी कुठल्या कार्यालयात आहे, मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट की महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, ते कागदावर बघा आणि नाव बदलायला काय लागेल हे त्याच कार्यालयातून लेखी घ्या. होडीवर कर्ज नाही, जागेचं भाडं थकलेलं नाही, हेही लेखी. आणि नाव दोघांचं लावा. बाईचं नाव मागाहून लावू असं म्हणतात, ते मागाहून कधी लागत नाही.

सौदा

तुमची स्वतःची पाहणी झाली आणि तरीही मन होडीवर असेल तेव्हा सर्व्हेयर, म्हणजे होडी तपासणारा जाणकार, बोलवा, आधी नाही. त्याचे पैसे तुम्ही द्या आणि त्याला तुम्हीच शोधा. विक्रेत्याने सुचवलेला नको. तो काम करत असताना दोघंही हजर राहा. तो तोंडी जे बोलतो ते लेखी अहवालापेक्षा अनेकदा जास्त कामाचं असतं. विमा कंपनीही बहुधा त्याचाच अहवाल मागेल.

बयाणा देताना कागदावर स्पष्ट लिहून घ्या: सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली तरच सौदा, नाहीतर बयाणा परत. दोषांची यादी करून प्रत्येकासमोर दुरुस्तीचा खर्च लिहा आणि ती यादी समोर ठेवूनच भाव करा. कापसाच्या बाजारात व्यापारी ओलावा दाखवून क्विंटलमागे कट लावतो ना, तसंच. घासाघीस कमी होते, आणि माणूसही दुखावत नाही. वस्तूंची यादीही करा: नांगर किती, साखळी किती मीटर, छोटी नाव, लाइफजॅकेट, शिडं. बघताना असलेला दुसरा नांगर ताब्याच्या दिवशी नाहीसा झाल्याचा अनुभव आम्हाला २२ फुटीच्या वेळी आलाय.

ताबा घेतल्यावरचा पहिला महिना

पडदे-गाद्या नंतर. आधी इंजिनचं ऑइल, फिल्टर, इंपेलर बदला, संशय असलेल्या सगळ्या नळ्या बदला, प्रत्येक कॉकशेजारी गुडदी बांधा आणि बुडातल्या पाण्याचा पंप बादलीभर पाणी ओतून चालवून बघा. पंप फिरतोय म्हणजे पाणी बाहेर जातंय असं नाही, बाहेर वाकून धार बघा. कॉक कुठे कुठे आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा जिन्याजवळ चिकटवा. अंधारात, पाणी घोट्याशी आलेलं असताना ते आठवत नाही.

मुंबईत पावसाळ्याआधी होडी पाण्याबाहेर काढायची असते, आणि मे अखेरीला क्रेनसाठी सगळ्यांची झुंबड उडते. आम्ही होळीलाच तारीख सांगून ठेवतो. क्रेनची ती तारीख येईतो शाळेच्या परीक्षा संपलेल्या असतात, केळीची कापणी कोणावर सोपवायची ते ठरलेलं असतं, आणि ह्यांची अवजारांची पेटी दारात येऊन पडलेली असते.